दादांची पिशवी

आमच्या घरीं देवघराशेजारच्या खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असे. मूळची ती कोणाच्या तरी लग्नांत आहेराबरोबर आलेली. पण गेलीं सहा वर्षें तिच्यांत माझ्या वडील बंधूंचीं औषधें राहत, आणि घरांत तिला 'दादांची पिशवी' असेंच नांव पडलें होतें. दादांस मधुमेह होऊन पंचवीस वर्षें झालीं. त्याच्या पाठोपाठ रक्तदाब आला, मग हृदयाचें दुखणें आलें, त्यानंतर मूत्रपिंडें क्षीण झालीं. आणि गुडघे तर आमच्या कुळांत वंशपरंपरेनेंच दुखतात. एकेका दुखण्यास एकेक डॉक्टर, आणि ते सारे आपापल्या विद्येंत निष्णात. मधुमेहाचे डॉक्टर साखर पाहत, हृदयाचे हृदय पाहत, मूत्रपिंडांचे दर तीन महिन्यांनीं रक्ताचा आंकडा पाहत आणि हाडांचे गुडघा पाहत. पिशवी मात्र कोणींच पाहिली नव्हती.

गेल्या वर्षीं श्रावणांतल्या दुसऱ्या सोमवारची गोष्ट. सोमवारचा उपास दादांनीं मुंजीपासून कधीं मोडला नाहीं. त्या दिवशीं सकाळीं त्यांनीं नेहमींच्या गोळ्या घेतल्या. फराळाचें ताट पुढें केलें तें 'भूक नाहीं' म्हणून तसेंच परत पाठविलें. दिवेलागणीस ते माझ्याशीं बोलत बसले असतां एकाएकीं भलतेंच बोलूं लागले. मला आमचे थोरले मामा समजून कोंकणांतल्या फणसांचा हिशेब विचारूं लागले. अंगास दरदरून घाम सुटला. पुतण्यानें हृदयाच्या डॉक्टरांस फोन लाविला, मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसलों, शेजाऱ्यांनीं गाडी काढिली. एवढ्यांत सूनबाई स्वयंपाकघरांतून आली. तिनें दादांचे थंडगार ओले हात चाचपले आणि कोणास न विचारतां पेलाभर पाण्यांत चार चमचे साखर ढवळून ती त्यांस पाजली. पंधरा मिनिटांनीं दादांनीं मला माझ्या नांवानें हांक मारिली. (वाचकांनीं एक ध्यानांत ठेवावें: रोगी शुद्धीवर असून त्यास गिळतां येत असेल तरच असें करावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहीं घालूं नये. त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.)

आम्हीही दादांस रुग्णालयांत नेलें, आणि तेथें नऊ दिवस राहावें लागलें. तिसऱ्या दिवशीं एका तरुण डॉक्टरबाईंनीं 'घरीं घेतात तीं सगळीं औषधें आणा' असें सांगितलें. पिशवी आली. बाईंनीं ती पलंगावर उपडी केली आणि एकेक पाकीट लावीत बसल्या. चौदा प्रकार निघाले. त्यांपैकीं दोन पाकिटांवरचीं नांवें निराळीं, कंपन्या निराळ्या, रंग निराळे; आंतलें रक्तदाबाचें औषध मात्र एकच. एक हृदयाच्या डॉक्टरांनीं लिहिलें होतें, दुसरें मूत्रपिंडांच्या डॉक्टरांनीं. पहिल्यांस दुसरें ठाऊक नव्हतें, दुसऱ्यांस पहिलें. गुडघ्यांसाठीं बारा दिवसांपूर्वीं सुरू झालेल्या वेदनाशामक गोळ्या आधींच थकलेल्या मूत्रपिंडांस आणखी बाधल्या होत्या. मधुमेहाच्या गोळीचा अंश मूत्रपिंडांवाटे बाहेर पडावयाचा, तो आंत सांचून तिचा परिणाम लांबत चालला होता. त्यांत श्रावणी सोमवार. साखर उतरली ती अशी.

मग बाईंनीं विचारिलें, "घरीं रोज यांच्याजवळ कोण असतं?"

आम्ही पुरुषमंडळी एकमेकांकडे पाहूं लागलों. सूनबाई बाहेर बांकावर डबा घेऊन बसली होती. तिला आंत बोलाविलें. तिनें उभ्या उभ्या सांगितलें: आठवड्याभरापासून बाबांच्या पायांवर सूज आहे, वहाणा चढत नाहींत, पानांतला भात निम्मा उरतो, पहाटे तीनच्या सुमारास घामानें भिजून उठतात आणि गुळाचा खडा मागतात. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या. मीं जरा दटावूनच म्हटलें, "अग, मग हें घरांत कोणाला बोलली कां नाहींस?"

ती म्हणाली, "काका, बोलले होते. तुम्हीच म्हणालांत, चार-चार डॉक्टर बघताहेत, तूं नको काळजी करूंस."

तें अक्षरशः खरें होतें.

हा प्रसंग येथें मांडण्याचें कारण इतकेंच कीं त्यांत रागावण्याजोगें कोणी सांपडत नाहीं. डॉक्टरांपैकीं एकानेंही आपल्या विषयांत चूक केली नव्हती. घरांत आम्ही सात माणसें. औषधांस पैसा कमी पडला नाहीं, गाडीस माणूस कमी पडलें नाहीं. तरीही दादांचा गुडघा एकाकडे, हृदय दुसऱ्याकडे, रक्त तिसऱ्याकडे, आणि सबंध दादा कोणाकडेच नव्हते. वय वाढलें म्हणजे दुखणीं एकेकटीं येत नाहींत. तीं एकमेकांत मिसळतात, आणि एकाचें औषध दुसऱ्याचें अपथ्य होतें. अशा रोग्यास आणखी एक निष्णात माणूस दाखविल्यानें भागत नाहीं. आहेत तीं माणसें एका ठिकाणीं बसावीं लागतात.

आमच्या जुन्या वैद्यकांत या विचाराचें बीज आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय चिकित्सेच्या चार पादांविषयींचा आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी हे ते चार पाद. प्रत्येकाचे चार गुण, मिळून सोळा. परिचारकास शुश्रूषेचें ज्ञान हवें, हातांत दक्षता हवी, रोग्याविषयीं माया हवी आणि शुचिता हवी. रोग्याच्या गुणांत आपली अवस्था नीट सांगतां येणें हाही एक गुण धरिला आहे. वैद्य हा चौघांत प्रमुख, हें ग्रंथकार स्पष्टच म्हणतो. पण ज्यास आपण 'पेशंट' म्हणून खाटेवर निजवून त्याच्या डोक्यावरून आपसांत बोलतों, तो येथें उपचाराचा विषय नसून उपचाराचा एक पाय आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. विद्यार्थिदशेंत हा अध्याय मीं समास सोडविण्यासाठीं वाचला होता. त्याचा अर्थ रुग्णालयाच्या बांकावर कळला. अर्थात् चरकाच्या काळीं एका रोग्यास वैद्य एकच असे. वैद्यच चार झाले आणि चौघे चार दिशांस राहिले तर काय करावें, हा प्रश्न त्या ग्रंथापुढें नव्हता. तो आपल्या काळाचा आहे.

या प्रश्नास पश्चिमेकडे हात घातला गेला तो म्हाताऱ्यांच्या निमित्तानेंच. १९३५ सालीं लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या एका जुन्या अनाथालयाचा दवाखाना आला. त्यांत सातशेंच्या वर जुनाट रोगी वर्षानुवर्षें खाटांवर पडून होते. मार्जरी वॉरेन या डॉक्टरबाईंनीं त्यांस एकेक करून तपासलें. कित्येकांस 'बरा न होणारा' हा शिक्का कोणीं नीट न तपासतांच मारला होता. वॉरेनबाईंनीं परिचारिका, व्यायाम शिकविणारे, घरची स्थिति पाहणारे समाजसेवक यांस हाताशीं धरून पुष्कळांस उठवून बसविलें, चालविलें, कांहींस घरीं पाठविलें. वृद्धांचें वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून इंग्लंडांत उभी राहिली तिच्या मुळाशीं त्यांचें हें काम आहे.

पण मला अधिक सांगावयाचें आहे तें सॅन फ्रान्सिस्को शहरांतील एका उद्योगाविषयीं; कारण एकत्र कुटुंबांतील माणसास तो वाचतांच ओळखीचा वाटतो. त्या शहरांत चिनी लोकांची एक जुनी, दाट वस्ती आहे. तिच्या आसपास इटालियन आणि फिलिपिनो कुटुंबेंही राहत. १९७० च्या सुमारास तेथील वृद्धांचा प्रश्न बिकट झाला. मुलें कामावर, म्हातारीं माणसें जिन्यावरच्या लहान खोल्यांत. त्यांच्यासाठीं शुश्रूषागृह बांधावें असा विचार विल्यम गी या दंतवैद्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढिला, आणि त्याची पाहणी करण्यास मारी-लुईझ अन्सॅक या समाजसेविकेस नेमिलें. बाईंनीं पाहणी करून सांगितलें कीं शुश्रूषागृह परवडणार नाहीं. आणि परवडलें तरी आपली भाषा, आपलें अन्न आणि आपली गल्ली सोडून तेथें जाऊन पडावें, हें या लोकांस रुचणार नाहीं. शुश्रूषागृह बांधण्यासाठीं नेमलेल्या बाईंनींच तें बांधूं नका म्हणावें, याचें मला कौतुक वाटतें. इंग्लंडांत वृद्धांसाठीं दिवसापुरतीं चालणारीं रुग्णालयें होतीं. तो नमुना पुढें ठेवून १९७३ सालीं वस्तींतच एक केंद्र उघडण्यांत आलें. संस्थेचें नांव ऑन लॉक. कँटनी भाषेंत त्याचा अर्थ सुखशांतीचें घर असा होतो.

सकाळीं गाडी येऊन वृद्धांस केंद्रांत न्यावें. तेथें त्यांच्या सवयीचें जेवण, औषधपाणी, व्यायाम आणि चार माणसांत बसणें व्हावें. संध्याकाळीं त्यांस आपापल्या घरीं पोंचवावें, असा हा क्रम. पुढें पूर्ण वैद्यकीय उपचारही केंद्राच्याच हातीं आले. १९८३ पासून पैशाची एक निराळी रीत करून पाहण्यास सरकारची परवानगी मिळाली. एकेक तपासणीचा, एकेक शस्त्रक्रियेचा दाम न घेतां संस्थेनें माणशीं दरमहा एक ठराविक रक्कम घ्यावी, आणि त्या माणसास जें जें लागेल, मग तें डॉक्टर असो, औषध असो, रुग्णालय असो, वेळ पडल्यास शुश्रूषागृहही असो, तें सर्व त्या रकमेंतून भागवावें. या रीतींत एक खुबी आहे. म्हातारीच्या न्हाणीघरांत भिंतीला धरावयास दांडा नाहीं, हें पाहणें इतर ठिकाणीं कोणाचेंच काम नसतें; ती पडून तिचें मांडीचें हाड मोडलें कीं मग सर्वांचें काम निघतें आणि सर्वांस दामही मिळतो. येथें दांड्याचा खर्चही संस्थेचा आणि मोडलेल्या हाडाचाही संस्थेचाच. मग दांडा आपोआप बसतो!

१९९७ च्या कायद्यानें या पद्धतीस मेडिकेअर या सरकारी योजनेंत कायमचें स्थान मिळालें, आणि 'पेस' या नांवानें ती आज अमेरिकेच्या अनेक राज्यांत चालते. पंचावन वर्षांवरील आणि शुश्रूषागृहांत ठेवावें इतकीं दुर्बळ ठरलेलीं माणसें तींत घेतात. सरकारी नियमांत तिच्या मंडळाची यादीच दिली आहे. डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक, अवयवांचा व्यायाम करविणारा, नित्याचीं कामें पुन्हां शिकविणारा, मन रमविणारा, आहार ठरविणारा, केंद्राचा व्यवस्थापक, घरच्या मदतीची व्यवस्था पाहणारा, अंगाखालीं हात घालून शुश्रूषा करणारा आणि शेवटीं गाडीचा चालक! मोजून अकरा असामी. क्रिकेटच्या संघाइतकेच, हा केवळ योगायोग.

चालकाचें नांव वाचून मी थबकलों. पण विचार केला असतां त्यापरतें शहाणपण यादींत दुसरें नाहीं. डॉक्टर रोग्यास केंद्रांत पाहतो, तेंही नीटनेटके कपडे करून आलेला. दारापर्यंत रोज चालकच जातो. म्हातारबाबा काल दोन पायऱ्यांवर थांबत होते ते आज चारही पायऱ्यांवर थांबले, दार उघडावयास आज नेहमींपेक्षां उशीर लागला, कोट उलटा घातला होता, हें दिसतें तें त्यालाच. त्यानें तें कोणास तरी सहज सांगावें असें न ठेवतां त्याला मंडळांत बसण्याचा अधिकार दिला, यांत सारें मर्म आहे. माझ्या घरीं तें स्थान सूनबाईचें होतें, आणि तिला आम्हीं बाहेर बांकावर बसविलें होतें.

इतकें स्तुतिपर लिहून थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. परंतु दुसरी बाजू लपविणें बरें नव्हे. न्यू जर्सी राज्यांत कॅम्डन नांवाचें एक गरीब शहर आहे. तेथील जेफ्री ब्रेनर या डॉक्टरांनीं रुग्णालयांच्या बिलांचा अभ्यास केला, तेव्हां शंभरांतील एका माणसावर एकंदर खर्चाचा सुमारें ३० टक्के भाग खर्ची पडतो असें त्यांस आढळलें. हींच माणसें पुन्हां पुन्हां रुग्णालयांत येत. प्रत्येकास चार-पांच दुखणीं, त्यांत दारिद्र्य, एकटेपणा, कोणास राहावयास घरही नाहीं. ब्रेनर यांनीं परिचारिका, समाजसेवक आणि वस्तींतले कार्यकर्ते यांचें एक पथक बांधिलें. तें रोगी घरीं जातांच त्याच्या मागोमाग जाई, औषधें लावून देई, डॉक्टरांची वेळ ठरवून देई. जानेवारी २०११ मध्यें डॉ. अतुल गावंडे यांनीं न्यूयॉर्कर साप्ताहिकांत या कामावर लिहिलें आणि त्याचा सर्वत्र बोलबाला झाला.

मग या मंडळींनीं एक धाडसाची गोष्ट केली. आपल्या कामाची परीक्षा त्यांनीं अर्थशास्त्रज्ञांच्या हातीं दिली. ८०० रोगी घेऊन, जणूं चिठ्ठ्या टाकून, त्यांचे दोन गट पाडले. एका गटास पथकाची मदत दिली, दुसऱ्यास नेहमींचेच उपचार. निकाल जानेवारी २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आंत पुन्हां रुग्णालयांत दाखल व्हावें लागलेल्यांचें प्रमाण मदतीच्या गटांत ६२.३ टक्के, आणि दुसऱ्या गटांत ६१.७ टक्के! म्हणजे फरक शून्य. नुसत्या मदतीच्या गटाकडे पाहिलें तर आधींच्या मानानें दाखल होणें पुष्कळ घटलें होतें. पण तें दुसऱ्या गटांतही तितकेंच घटलें होतें.

हें कोडें शिक्षकास लौकर सुटतें. सहामाहींत वर्गांत शेवटून पहिला आलेला मुलगा वार्षिक परीक्षेंत बहुधा थोडा वर सरकतोच; कारण सहामाहीच्या वेळीं त्याला ताप आला होता, किंवा पेपर अवघड गेला होता. मधल्या काळांत शिक्षकानें कान पिळला असो वा नसो. श्रेय मात्र शिक्षक घेतो. मीं स्वतः तें अनेकदां घेतलें आहे. दुखण्याच्या शिखरावर असलेला माणूस पुष्कळदां आपोआपच थोडा खालीं उतरतो, आणि त्या वेळीं जो जवळ असेल त्याला आपल्यामुळें गुण आला असें वाटतें. कॅम्डनच्या लोकांनीं स्वतःच्या श्रेयाची अशी झडती घेऊं दिली, ही गोष्ट मला त्यांच्या अपयशाहून मोठी वाटते.

मग मिळून उपचार करणें व्यर्थ कां? तसेंही नव्हे. रुग्णालयांत दाखल झालेल्या वृद्धांची अनेकांनीं मिळून सर्वांगीण तपासणी करावी आणि त्यावरून उपचार ठरवावे, या पद्धतीच्या २९ परीक्षणांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केला. नऊ देशांतील १३,७६६ रोगी त्यांत होते. या पद्धतीनें मरण टळतें असें दिसलें नाहीं; परंतु पुढच्या तीन ते बारा महिन्यांत जिवंत आणि आपल्याच घरीं असणाऱ्यांचें प्रमाण थोडें अधिक दिसलें. वाढ मोठी नाहीं. पण 'आपल्याच घरीं' या दोन शब्दांची किंमत ज्यांच्या घरांत म्हातारें माणूस आहे त्यांस सांगावयास नको. कॅम्डन आणि ऑन लॉक यांतला भेद मला असा दिसतो: ऑन लॉकच्या मंडळाच्या हातीं डॉक्टर, जेवण, गाडी, पैसा हें सारें होतें, कॅम्डनचें पथक रोग्याचा हात धरून त्याला दुसऱ्यांच्या दारापर्यंत नेऊं शकत होतें, पण दार उघडणें त्याच्या हातीं नव्हतें.

आतां आपल्याकडे वळूं. वर ज्या डॉ. गावंडे यांचा उल्लेख आला त्यांचें कूळ विदर्भांतलें. २०१४ सालीं निघालेल्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकांत त्यांनीं आपले आजोबा सीताराम गावंडे यांच्याविषयीं लिहिलें आहे. उटी या गांवीं ते शंभरीच्या पुढें मुलानातवंडांत राहत, रात्रीं घोड्यावर बसून शेताची पाहणी करीत, आणि एकशें दहाच्या घरांत असतां बसमधून पडण्याचें निमित्त होऊन वारले. असें म्हातारपण अमेरिकेंतील कोणत्याही संस्थेस देतां येणार नाहीं. पण तेंच पुस्तक हेंही सांगतें कीं या व्यवस्थेची किंमत तरुण पिढीनें मोजलेली असते. आम्ही एकत्र कुटुंबाचे अभिमानी हा दुसरा भाग वगळून वाचतों. 'आमच्याकडे म्हाताऱ्यांना कोणी टाकत नाहीं' असें मीही चारचौघांत म्हणत आलों आहें. टाकत नाहीं हें खरें. परंतु सांभाळणाऱ्या सात माणसांपैकीं पहाटे तीन वाजतां गुळाचा खडा देणारें माणूस एकच असतें, आणि सकाळीं नऊला तेंच माणूस नोकरीवर जावयाचें असतें. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ. पण हे हात कशाकशाला लावावयाचे याची बैठक आम्हीं कधीं घेतली होती? सत्यनारायणाची घेतली, मंगळागौरीची घेतली, आंब्यांच्या पेट्यांची घेतली. दादांची घेतली नव्हती.

रुग्णालयांतून घरीं आल्यावर ती घेतली. कोणा एका डॉक्टरानें सबंध पिशवीची जबाबदारी घ्यावी म्हणून आम्ही दोन ठिकाणीं फिरलों. एका ठिकाणीं 'दुसऱ्यांच्या औषधांत मी हात घालीत नाहीं' असें उत्तर मिळालें, तेंही एका परीनें प्रामाणिकच होतें. शेवटीं आमच्या आळींतल्या जुन्या दवाखान्यांतले डॉक्टर कबूल झाले. हे पूर्वींचे घरचे डॉक्टर. आम्ही मोठ्या पदव्यांच्या मागें लागून त्यांस सोडलें होतें, याची त्यांनीं एका शब्दानें आठवण दिली नाहीं. त्यांनीं चौघांशीं फोनवर बोलून चौदांचीं नऊ औषधें केलीं. (कोणींही घरच्या घरीं औषध बंद करूं नये, एकदम बंद केल्यानें जीवावर बेतणारीं औषधें पुष्कळ आहेत.) आतां कोणत्याही डॉक्टरांकडे जातांना एकच कागद नेतों. त्यावर औषधाचें मूळ नांव, प्रमाण, कशासाठीं आणि कोणीं लिहिलें, एवढें असतें. नवीन गोळी आली तर ती आधीं आळींतल्या डॉक्टरांस दाखविल्याशिवाय पिशवींत जात नाहीं.

रविवारीं जेवणापूर्वीं अर्धा तास सारे बसतों. पहिले दोन रविवार अवघड गेले. पुतण्या म्हणाला, "काका, ही काय शाळा आहे?" सूनबाई मुकाट्यानें बसली, सांगून उपयोग होत नाहीं हा तिचा अनुभव ताजा होता. तिसऱ्या रविवारीं मीं वही तिच्याकडे दिली आणि लेखनिकाचें काम मी करतों असें म्हणालों. तेव्हां तिनें पहिली गोष्ट दादांविषयीं नव्हे, स्वतःविषयीं सांगितली: सहा महिन्यांत एक रात्रही ती सलग झोंपली नव्हती. हें ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला. आतां रात्रीं दोघे पाळीनें उठतात. मंगळवार आणि शुक्रवार माझ्याकडे आहेत. माझी झोंप तशीही पातळच असते.

चौथ्या पादास म्हणजे खुद्द दादांसही विचारिलें: तुम्हांला काय हवें? आम्हांस वाटलें, गुडघा बरा व्हावा म्हणतील. ते म्हणाले, "मला संकष्टीला गणपतीच्या देवळापर्यंत स्वतःच्या पायानं जायचंय. आणि उपास सोडायला सांगूं नका." देवळाचें काम व्यायाम शिकविणाऱ्या एका मुलीकडे दिलें, ती आठवड्यांतून दोनदां येते. उपासाचा प्रश्न मधुमेहाच्या डॉक्टरांकडे नेला. तेही समंजस निघाले. उपासाच्या दिवसापुरतें गोळीचें प्रमाण त्यांनीं निराळें लिहून दिलें आणि दर चार तासांनीं कांहीं खाण्याची अट घातली. दादांनीं ती, चरकाच्या रोग्यास शोभेल अशा रीतीनें, कुरकुर करीत मान्य केली.

मागच्या महिन्यांत रक्त तपासावयास दादांस नेणारा रिक्षावाला परत सोडतांना दारांत घुटमळला. सूनबाई पैसे देऊं लागली तेव्हां म्हणाला, "ताई, आजोबा मागल्या खेपेला एका दमांत चढले होते. या वेळीं जिन्यावर दोनदां थांबले. म्हटलं, सांगून ठेवावं." तिनें त्याला पाणी दिलें आणि तो पाणी पीत असतांच आंतून वही आणून तारीख घालून तें लिहून घेतलें. आळींतल्या डॉक्टरांस त्याच संध्याकाळीं फोन केला. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं येऊन छाती ऐकली, पाय दाबून पाहिले आणि हृदयाच्या डॉक्टरांशीं बोलून लघवीच्या गोळीचें प्रमाण बदललें. रिक्षावाल्याचा फोननंबर आतां त्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे, चार डॉक्टरांच्या खालीं.